नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

शाळेत इंग्रजी शिकवताना एका ठेवणीचे शब्द मी मुलांकडून गोळा करून घेते. एम्प्लॉयी, पेयी, नॉमिनी. ज्याला कामावर ठेवले तो एम्प्लॉयी, ज्याला पैसे द्यायचे तो पेयी आणि ज्याचे नाव सुचवले तो नॉमिनी. बस्, एवढाच अर्थ! वारसाला इंग्रजीत वेगळाच शब्द आहे, ‘एअर’. त्यातला एच लिहायचा पण उच्चारायचा नाही. वर्गात त्याचा हमखास ‘हेअर’, म्हणजे केस होतो.

घरात मात्र आपण हे दोन्ही एकच धरतो. “ह्यांच्या ठेवीवर माझंच नाव आहे हो, मला कसली काळजी?” असे आमच्या रत्नागिरीत हळदीकुंकवाला कितीदा तरी ऐकू येते. मैत्रिणींनो, ते नाव नॉमिनी म्हणून असते. बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे, एवढेच त्यावरून ठरते. ते कुणाचे, हे मृत्युपत्रावरून ठरते. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा.

उलटही होते. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर धाकट्या भावाचे नाव असते आणि पुढे ते बदलायचे राहून जाते. पैसे भावजींच्या हाती पडतात. त्यांचे ते होत नाहीत हे खरे, पण मागायला जायचे कुणी? आपणच ना!

विम्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे 1983 सालीच सांगितले. नॉमिनी होती बायको, पण सासू आणि मुलगा यांनाही एकेक तृतीयांश मिळाला. 2015 पासून विम्याच्या कायद्यात बायको, मुले, आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच, अशी तरतूद आली. तिच्यावरही कोर्टात वाद झालेच.

‘कालनिर्णय’चे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, म्हणजे 1981 पूर्वीच्या आपल्याच जिल्ह्यातले. त्यांनी 2011 साली मृत्युपत्र केले, 2013 साली ते वारले. शेअर आणि म्युच्युअल फंड नॉमिनींचे की मृत्युपत्राप्रमाणे वाटायचे, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला: नॉमिनी मालक होत नाही.

मग नॉमिनी लावायचाच नाही का? छे, लावायचाच! नाहीतर मोठ्या रकमेसाठी कोर्टाचे कागद आणा, हेलपाटे घाला. पण मृत्युपत्रही हवे. ते साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नवऱ्यापुढे हा विषय काढायला जीभ रेटत नाही, अशुभ बोलल्यासारखे वाटते. तेव्हा सुरुवात पासबुकापासून करा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्याचे निमित्त पुरे आहे.