कार्डिफजवळच्या गावात घर घ्यायचंय? आधी नदी बघा, मग किचन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड, थोडा साफसूफ करून. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत, सगळे निघाले नाहीत.

विषय सुचला तो पेढ्यांवरून. माझी मामेबहीण कार्डिफला नर्स आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला, "अरे, घर मिळालं! ऑफर ॲक्सेप्ट झाली." मामा साताऱ्याचा. त्याने त्याच संध्याकाळी अख्ख्या गल्लीत कंदी पेढे वाटले. तीन आठवड्यांनी परत फोन. एजंटने कळवलं होतं की मालकाला जास्त पैसे देणारा दुसरा कुणीतरी मिळालाय, सॉरी. तोवर ताईने सर्व्हेचे पैसे भरले होते, सॉलिसिटरचं मीटर सुरू झालं होतं. त्यातलं काही परत आलं नाही. मामा अजून विचारतो, "पण ते हो म्हणाले होते ना?"

तर आज हेच समजून घेऊ. वेल्समध्ये शहराजवळच्या गावात राहायचं आणि घर घ्यायचं म्हणजे नक्की काय, आणि पैसे कुठे अडकतात किंवा बुडतात.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. कार्डिफ ही वेल्सची राजधानी, समुद्राला लागून. शहरातून उत्तरेकडे निघालात की टॅफ नदीची दरी अरुंद होत जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना गावं लागतात. एका बाजूला टोंग्विनलाइस, त्याच्या डोक्यावर झाडीतून डोकावणारा कास्टेल कॉख, म्हणजे 'लाल किल्ला'. पुढे टॅफ्स वेल. नदीपलीकडे गार्थ डोंगराच्या पायथ्याला ग्वाइलॉद-अ-गार्थ, ज्याचा अर्थच 'गार्थचा पायथा'. आणि वर उंचावर पेन्टिर्ख. टॅफ्स वेल शहरापासून साधारण 10 किलोमीटर. स्टेशन आहे, वीसेक मिनिटांत तुम्ही कार्डिफमध्ये. पेन्टिर्खला स्टेशन नाही, तिथे बस नाहीतर गाडी. अंतर जवळपास तेवढंच, पण रात्रपाळी संपवून येणाऱ्या माणसासाठी हा फरक किचनच्या टाइल्सपेक्षा फार मोठा आहे.

(गार्थ डोंगर तुम्हाला नकळत माहीत असेल. ह्यू ग्रँटचा 1995 चा सिनेमा आहे, 'द इंग्लिशमन हू वेंट अप अ हिल बट केम डाउन अ माउंटन'. टेकडी की डोंगर यावरून गावकरी हट्टाला पेटतात ती गोष्ट. ती गार्थवरूनच सुचलेली. शूटिंग मात्र दुसरीकडे झालं.)

आता जाहिराती वाचताना आपली पहिली गफलत. 'टेरेस्ड हाऊस' म्हणजे गच्चीवालं घर नाही! एकाला एक चिकटून ओळीने बांधलेली घरं, आपल्या भाषेत रो हाऊस. 'सेमी-डिटॅच्ड' म्हणजे ट्विन बंगलो. आणि स्क्वेअर फूट शोधत बसू नका, तिथे घर बेडरूमच्या संख्येवर ओळखतात. दक्षिण वेल्समधली बरीच टेरेस्ड घरं कोळशाच्या आणि लोखंडाच्या काळात कामगारांसाठी बांधलेली आहेत. जाड दगडी भिंती, वर स्लेटची कौलं. दिसायला झकास. पण त्या भिंतींत मधे पोकळी नसते, त्यामुळे आतून उबदार ठेवायला खर्च येतो आणि ओल धरते. घराचं एनर्जी सर्टिफिकेट मागा. त्यावर ए ते जी अशी श्रेणी असते आणि ते 10 वर्षं चालतं. श्रेणी खालची असेल तर हिवाळ्यातलं बिल तुमच्या हप्त्याच्या शेजारी येऊन बसणार, हे धरून चाला.

आणखी एक. घर स्वतंत्र असलं म्हणजे जमीन तुमची, असं नाही. दक्षिण वेल्समध्ये जुन्या काळी मोठ्या जमीनदारांनी जमीन लीजवर दिली आणि लोकांनी तिच्यावर घरं बांधली. त्यामुळे 'फ्रीहोल्ड' आहे की 'लीजहोल्ड' हे विचारायचं, आणि लीजहोल्ड असेल तर किती वर्षं उरलीत हेही.

शीर्षकात नदी म्हटलंय ते उगाच नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये डेनिस वादळ आलं, टॅफला महापूर आला आणि या दरीतल्या गावांत घराघरांत पाणी शिरलं. उन्हाळ्यात घर बघायला गेलात तर तीच नदी अशी शांत वाहत असते की खरं वाटणार नाही. 'नॅचरल रिसोर्सेस वेल्स' या सरकारी संस्थेच्या साइटवर पोस्टकोड टाकला की त्या पत्त्याचा पुराचा धोका दिसतो. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे. घर बघायला जाण्याआधी करा, आवडून बसल्यावर नको. विम्याचं पण लक्षात ठेवा. पुराचा धोका असलेल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून 'फ्लड री' नावाची योजना आहे, पण 1 जानेवारी 2009 नंतर बांधलेली घरं तिच्यात बसत नाहीत. म्हणजे नदीकाठचं चकचकीत नवं घर या बाबतीत जुन्यापेक्षा अवघड पडू शकतं.

नदीनंतर जमिनीच्या पोटात काय आहे ते. हा सगळा कोळशाचा पट्टा. घराखालून किंवा जवळून जुनी खाण गेलीय का, याचा वेगळा रिपोर्ट सॉलिसिटर मागवतो. थोडे पैसे वाचवायला हा रिपोर्ट टाळू नका. याच टॅफच्या दरीत वर ॲबरफॅन आहे. 21 ऑक्टोबर 1966 ला खाणीच्या राडारोड्याचा ढीग तिथे शाळेवर घसरला आणि 144 माणसं गेली, त्यातली 116 लहान मुलं. वेल्समध्ये जमिनीबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला कुणी हसत नाही.

बरं, आता मामाच्या प्रश्नाकडे येऊ. ते हो म्हणाले होते ना?

इंग्लंड आणि वेल्समध्ये पद्धत अशी. तुम्ही ऑफर देता, मालक हो म्हणतो, पाटी बदलते: 'सोल्ड सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट'. यातले शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. कायद्याने अजून काहीही झालेलं नसतं. ना मालक बांधलेला, ना तुम्ही. आपल्याकडे टोकन दिलं की निदान भांडायला तोंड तरी असतं, तिथे ते पण नाही. मग पुढचे काही महिने सॉलिसिटर कागद तपासतो, बँक घराची किंमत ठरवते, सर्व्हेयर छप्पर आणि भिंती बघतो. सगळं पटलं की दोन्ही बाजू करारांची अदलाबदल करतात, त्याला म्हणतात 'एक्स्चेंज'. साधारण 10 टक्के रक्कम तेव्हा द्यायची. घर खऱ्या अर्थाने पक्कं होतं ते या दिवशी. यानंतर तुम्ही मागे हटलात तर ते पैसे जाऊ शकतात. घराचा विमाही याच दिवसापासून सुरू ठेवायचा. चाव्या मिळतात त्या 'कम्प्लीशन'ला, आणि ते बहुतेक वेळा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी होतं.

मधल्या काळात मालकाने जास्त बोली घेतली तर त्याला 'गझम्पिंग' म्हणतात. चिडायला होतं, पण बेकायदेशीर नाही. ताईचं तेच झालं. यावर शंभर टक्के उपाय नाही. ऑफर मान्य झाल्यावर जाहिरात काढून टाकायला सांगायचं, कर्जाची प्राथमिक मंजुरी आधीच हातात ठेवायची, सॉलिसिटरला रोज नाही तरी दर आठवड्याला फोन करायचा. व्हिसावर असाल तर कर्जाचं आधी बघा. प्रत्येक बँकेचे नियम वेगळे असतात. कुणी जास्त डिपॉझिट मागतं, कुणी व्हिसाची अमुक मुदत शिल्लक हवी म्हणतं.

आता जो भाग ऐकून मला स्वतःला घाम फुटला तो. टॅक्स.

इंग्लंडमध्ये घर घेताना स्टॅम्प ड्युटी लागते. वेल्समध्ये 1 एप्रिल 2018 पासून तिच्या जागी 'लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स' आहे, तो वेल्श रेव्हेन्यू अथॉरिटी गोळा करते. ऑक्टोबर 2022 पासूनचे दर असे: पहिल्या 2 लाख 25 हजार पौंडांवर शून्य, तिथून 4 लाखांपर्यंतच्या भागावर 6 टक्के, पुढे वाढत जातो. आपल्यासारखा पूर्ण किमतीवर नाही, फक्त वरच्या भागावर. समजा घर 2 लाख 60 हजारांचं. वरचे 35 हजार, त्यावर 6 टक्के, म्हणजे 2,100 पौंड. इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्याला खास सूट आहे, वेल्समध्ये अशी सूट नाही. त्यामुळे लंडनच्या मित्राचं ऐकून हिशोब करू नका.

इथपर्यंत ठीक. पण तुमच्या नावावर आधीच एखादं घर असेल तर दर बदलतात. आणि हे 'आधीचं घर' जगात कुठेही असलं तरी मोजतात! पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात, कुठेही. तुमच्या हिश्श्याची किंमत 40 हजार पौंड किंवा जास्त असेल तर तो धरला जातो. पुण्यातल्या बऱ्या टू बीएचकेचा अर्धा हिस्साही ही रेषा ओलांडू शकतो. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर असला तरी दोघांना लागू. डिसेंबर 2024 पासूनचे वाढीव दर लावून तेच 2 लाख 60 हजारांचं घर पुन्हा मोजू: पहिल्या 1 लाख 80 हजारांवर 5 टक्के, पुढच्या 70 हजारांवर साडेआठ, उरलेल्या 10 हजारांवर 10 टक्के. एकूण 15,950 पौंड.

2,100 कुठे आणि 15,950 कुठे!

ताईच्या नवऱ्याचं नाव त्याच्या वडिलांबरोबर कोथरूडच्या फ्लॅटवर आहे. कर्ज सोपं पडावं म्हणून दहा वर्षांपूर्वी घातलेलं. तो तिथे कधी राहिलेलाही नाही. पहिल्या घराच्या वेळी या दोघांना हे माहीतच नव्हतं. ते घर हातचं गेलं म्हणून निदान हा धक्का ऐनवेळी बसला नाही. मला विचाराल तर हा नियम आपल्याकडच्या घरांची रीत ओळखत नाही. आईवडील प्रेमाने नाव लावतात, त्याला गुंतवणूक कोण म्हणेल? पण फॉर्मवर प्रेमाचा रकाना नसतो. तुमचं नाव कुठे कुठे लागलंय ते घरी आधी विचारा आणि सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगा. लपवलं तर दंड वेगळा.

राहण्याबद्दल थोडक्यात. या दरीत नदी ओलांडली की कौन्सिल बदलू शकते. टॅफ्स वेल 'रोंडा कनन टॅफ'मध्ये, समोरचं ग्वाइलॉद-अ-गार्थ कार्डिफमध्ये. म्हणजे कौन्सिल टॅक्स, कचऱ्याचे दिवस, शाळेचा प्रवेश, सगळं वेगळं. घाई नसेल तर आधी त्याच गावात भाड्याने राहा, एक पावसाळी हिवाळा काढा. वेल्समध्ये घरमालकाला 'रेंट स्मार्ट वेल्स'कडे नोंदणी करावी लागते, ती आहे का ते तपासा.

भाषेची भीती मनात असेल तर: दुकानात, बसमध्ये इंग्रजी चालतं. पण पाट्या दोन भाषांत, कौन्सिलची पत्रं दोन भाषांत, आणि सरकारी शाळेत 16 वर्षांपर्यंत सगळ्यांना वेल्श शिकावंच लागतं. पूर्ण वेल्श माध्यमाच्या शाळाही आहेत आणि तिथे घरी वेल्शचा एक शब्द न बोलणाऱ्यांची मुलं भरपूर असतात. वाचायला एक युक्ती: वेल्शमध्ये एकेरी 'एफ'चा उच्चार 'व', आणि जोड 'एफ'चा 'फ'. म्हणून टॅफ्स वेलचं वेल्श नाव 'फन्नॉन ताव', म्हणजे ताव नदीचा झरा. झरा खरंच आहे, कोमट पाण्याचा, वेल्समधला एकमेव. ताईची मुलगी पाच वर्षांची आहे, ती आजोबांना व्हिडिओ कॉलवर 'बोरे दा' म्हणते. मामाला वाटलं होतं, ती बोरं मागतेय. त्याचा अर्थ 'सुप्रभात'.

सध्या दोघांनी दुसरं घर बघितलंय, उंचावरचं, पोस्टकोड तपासून, वाढीव टॅक्स धरून बजेट कमी करून. ऑफर मान्य झालीय. एक्स्चेंज पुढच्या महिन्यात. मामाला अजून कळवलेलं नाही.