फिल्म पुढे सरकत नाही तेव्हा : जुन्या कॅमेऱ्याच्या दोषाची चिकित्सा

स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमवू लागले की निगेटिव्हच्या एखाद्या पट्टीवर दोन प्रसंग एकमेकांत मिसळलेले आढळतात. ध्वजवंदनाच्या रांगेवर वसतिगृहातील पंगतीची कडा चढलेली असते. पाहणारा म्हणतो, फोटो बिघडला. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही म्हणतो, हा पुरावा आहे आणि तो वाचता आला पाहिजे. त्यासाठी फिल्म पुढे सरकवणारी कॅमेऱ्याची यंत्रणा समजून घ्यावी लागते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी असा कॅमेरा पुन्हा वापरू इच्छित असेल, तर त्यालाही ही माहिती उपयोगी पडेल.

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी एकेकाळी समारंभाचा फोटो म्हणजे छायाचित्रकाराला आवर्जून बोलावणे असे. त्याच्या रोलमध्ये चौरस चित्रे फक्त १२. १४ एप्रिलची मिरवणूक असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो वा शाळेचे स्नेहसंमेलन, सारे त्या १२ चित्रांत बसवावे लागे. ज्यांच्या घरी बखरी नव्हत्या, वतनाचे कागद सन्मानाने जपावेत अशी ज्यांची स्थिती नव्हती, त्या समाजाच्या इतिहासाला अशा छायाचित्रांचा मोठा आधार आहे. म्हणून यंत्राच्या दोषाने गेलेले एक चित्रही लहान हानी नव्हे.

ही फिल्म '१२०' या क्रमांकाने ओळखली जाते. कोडॅक कंपनीने ती १९०१ साली बाजारात आणली आणि आजही ती तयार होते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला कडेने छिद्रे असतात. दातेरी चाक त्या छिद्रांत अडकते आणि फिल्म मोजून सरकते. १२० फिल्मला छिद्रेच नसतात. ती काळ्या कागदासह एका स्पूलवरून दुसऱ्या स्पूलवर गुंडाळली जाते. चौरस चित्राची लांबी सुमारे ५६ मिलिमीटर असल्याने प्रत्येक वेळी फिल्म ६ सेंटिमीटरहून किंचित अधिक सरकली पाहिजे. हे अंतर मोजायचे कसे, हाच या कॅमेऱ्यांपुढील मूळ प्रश्न होय.

त्याचे सर्वांत साधे उत्तर म्हणजे पाठीवरची लाल खिडकी. भारतात घरोघरी पोहोचलेल्या अॅगफा क्लिक थ्रीमध्ये हीच सोय होती. कागदावर छापलेला आकडा खिडकीत दिसेपर्यंत चकती फिरवायची आणि थांबायचे. येथे मोजणारा माणूसच असतो. दुसरे उत्तर रोलायफ्लेक्सच्या १९३७ सालच्या ऑटोमॅट नमुन्याने दिले. त्यात कागद दोन रुळांमधून जातो. फिल्मची सुरुवात येताच वाढलेली जाडी रुळांना जाणवते आणि गणना आपोआप सुरू होते. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेल्या, देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता पावलेल्या होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्स हाताळला होता. पुढे स्टुडिओंमध्ये रुळलेल्या यशिका-मॅटमध्ये कागदावरचा बाण कॅमेऱ्यातील खुणेशी जुळवून झाकण लावायचे असते. त्यानंतर हँडल स्वतःच योग्य जागी थांबते.

आता दोषाकडे वळू. आमचा आग्रह असा की यंत्र उघडण्यापूर्वी निगेटिव्ह वाचावी, कारण दोषाची जात तीच सांगते.

संपूर्ण पट्टी कोरी निघाली, पण कडेचे छापील आकडे उमटलेले असतील, तर कागदाचे टोक रिकाम्या स्पूलच्या फटीत नीट अडकले नसावे. फिल्म जागची हललीच नाही. चित्रांमधील अंतर सारखे आहे, पण पहिले वा शेवटचे चित्र अर्धे कापले गेले, तर आरंभीची खूण चुकली असे समजावे. हँडल कोठेच न थांबता रोल संपेपर्यंत फिरत राहिले, तर गणना सुरूच झालेली नाही. ऑटोमॅट प्रकारात कागद रुळांमधून न घेता वरून नेल्यास नेमके असेच घडते. अंतर अनियमित असेल, कोठे मोकळी जागा तर कोठे चित्रावर चित्र, तर फिल्म सैल गुंडाळली जात आहे, मोजणारा रूळ घसरत आहे किंवा आतील दातेरी चाके झिजली आहेत. हँडल मुळीच फिरत नसेल, तर आधीचे चित्र घेतले गेले आहे का ते पाहावे. दुहेरी चित्र टाळण्यासाठी अनेक कॅमेरे तोवर हँडल अडवून धरतात. जोर मात्र कधीही लावू नये.

दोष भरण्यात आहे की यंत्रात, हे ठरवण्यासाठी एक बाद रोल राखून ठेवावा. फिल्मच्या आतील बाजूवर दर सेंटिमीटरला आकडे लिहून तो पुन्हा घट्ट गुंडाळावा आणि नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यात भरावा. शटर 'बी' वर ठेवून उघडे धरावे, छिद्र पूर्ण मोठे करावे आणि टॉर्चच्या प्रकाशात भिंगातून आत पाहावे. मध्यभागी दिसणारा आकडा लिहून घ्यावा, शटर मिटू द्यावे, हँडल फिरवावे, पुन्हा पाहावे. असे १२ वेळा केल्यावर आकड्यांतील फरक सारखा आला, तर यंत्र निर्दोष आहे आणि भरण्याची पद्धत सुधारावी. फरक कमीजास्त आला, तर कॅमेरा जाणत्या कारागिराकडे द्यावा. आपल्या कोरड्या, धुळीच्या हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कॅमेऱ्यातील ग्रीस घट्ट होते. त्यावर घरचे तेल सोडण्याचा मोह टाळावा, कारण ते पसरत शटरच्या पात्यांवर पोहोचते आणि नवा दोष उभा राहतो.

शेवटी पुन्हा जुन्या निगेटिव्हकडे. एकमेकांवर चढलेली दोन चित्रे निश्चितपणे सांगतात की ती एकाच रोलवर, लागोपाठ घेतली गेली. पुष्कळ फिल्मच्या कडेला छापलेले आकडे त्यांचा क्रमही दाखवतात. एका चित्राची तारीख ठाऊक असेल, तर दुसऱ्याचा काळ त्यावरून शोधता येतो. मात्र दोन्ही एकाच दिवसाची आहेत असे लगेच म्हणू नये; रोल महिनाभरही कॅमेऱ्यात राहिलेला असू शकतो. अशी पट्टी कापून चित्रे वेगळी करू नयेत. कापली की क्रमाचा पुरावा जातो, शिवाय दोन्ही चित्रे अपुरी होतात. अखंड पट्टी कागदी पाकिटात ठेवावी आणि पाकिटावर पेन्सिलीने ठाऊक असलेली नावे, स्थळ व साल लिहावे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी अशा पट्ट्या असतील, त्यांनी 'बिघडलेल्या' म्हणून त्या टाकू नयेत, शाळेत आणून दाखवाव्यात. त्यांतील चेहरे ओळखणारी माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होणे इष्ट आहे.