बांधदुरुस्ती आणि घरगुती चित्रफीत

दख्खनच्या हलक्या व मध्यम जमिनीवर ज्यांनी हयात घालविली, त्यांना फुटलेला बांध म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. मृगाच्या एखाद्या जोरदार सरीत बांधास एका ठिकाणी खिंड पडते, वरच्या अंगास तुंबलेले पाणी त्या एकाच वाटेने धाव घेते आणि पाहता पाहता खालच्या शेतात घळ पडू लागते. एक बांध फुटला की त्याच्या पाण्याचा भार खालच्या बांधावर येतो. उतारावरील शेते अशी एकमेकांस बांधलेली असतात. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ साली झाला, तेव्हापासून सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर होत आली आहेत. बांध घालणे हे एकदा करावयाचे काम. दुरुस्ती मात्र दरसालची. तरीही नव्या कामास जेवढे मार्गदर्शन मिळते, त्याच्या निम्मेही दुरुस्तीच्या वाट्यास येत नाही.

दुरुस्तीच्या कामाची खरी अडचण अशी, की ते पुरे होताच स्वतःस झाकून टाकते. खिंडीत शंभर घमेली माती एकदम ओतून वरून खोऱ्याने चोपली, तरी संध्याकाळी बांध अखंड दिसतो. आणि तीच माती थराथराने, ओल साधून, धुम्मस करून भरली, तरी बांध तसाच दिसतो. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास किंवा शेताच्या मालकास बाहेरून दोहोंतील भेद ओळखता येत नाही. तो भेद पहिल्या मोठ्या पावसात कळतो. तोपर्यंत मजुरी वाटून झालेली असते आणि टोळी दुसऱ्या गावी गेलेली असते.

दुरुस्ती नेमकी कशी

प्रथम खिंड का पडली हे पाहावे. सांडवा गाळाने भरला असेल किंवा उंच राहिला असेल, तर पाणी बांधावरून जाणारच. तेथे सांडवा मोकळा केल्यावाचून खिंड भरणे व्यर्थ होय. कोठे उंदरांची वा खेकड्यांची बिळे कारण असतात, तर कोठे गाडीवाटेने बांधाचा माथा खाली बसलेला असतो.

कारण दूर झाल्यावर खिंडीच्या दोन्ही उभ्या कडा पायऱ्या-पायऱ्यांनी कापून घ्याव्यात. उभ्या कडेस नवी माती चिकटत नाही. दोहोंमध्ये बारीक फट राहते आणि पाणी तीच वाट धरते. तळातील गवत, मुळ्या व सैल गाळ काढून पृष्ठभाग टिकावाने खरबरीत करावा, त्यावर पाणी शिंपडावे आणि मग वीतभरापेक्षा कमी, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचा थर पसरावा. माती मुठीत दाबली असता गोळा व्हावा, पण हातास चिखल लागू नये, एवढी ओल पुरेशी असते. प्रत्येक थर धुम्मस करून घट्ट बसला की मगच पुढचा थर घालावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर बाहेरून मुरमाचे आच्छादन असणे इष्ट. भर मूळ माथ्यापेक्षा थोडी उंच ठेवावी, कारण कितीही चोपली तरी नवी माती खाली बसते. भरीसाठी लागणारी माती बांधाच्या पायथ्यास लागून खणू नये. शेवटी मारवेलसारखे गवत लावले म्हणजे माती धरून राहते.

यांतील प्रत्येक गोष्ट सांगण्यास सोपी आहे, आणि ती सांगितलीही जाते, परंतु कोणास? बहुतेक वेळा मुकादमास. घमेली वाहून माती टाकतात त्या बहुधा स्त्रिया. थर वीतभर पडणार की हातभर, हे त्या घमेले कोठे रिकामे करतात यावर ठरते. आणि नेमक्या त्यांच्या कानी थराची गोष्ट गेलेली नसते. छापील पत्रक टोळीतील किती जणांस वाचता येईल, हाही प्रश्न आहेच. प्रात्यक्षिक सर्वांत उत्तम. पण एकाच पंधरवड्यात दहा गावांत काम चालू असता गावपातळीवरील कर्मचारी प्रत्येक खिंडीपाशी उभा राहू शकत नाही.

येथे घरगुती चित्रफितीचा उपयोग होतो. साध्या मोबाइलवर, पाच मिनिटांत, जे काम मातीखाली गाडले जाणार आहे ते गाडले जाण्यापूर्वी टिपून ठेवता येते.

हा विचार अगदी नवा नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. ते कार्यक्रम वरून खाली येणारे होते. १९८४ साली अहमदाबाद येथील ‘सेवा’ संस्थेने कष्टकरी स्त्रियांच्याच हाती चित्रणयंत्र दिले. त्यांतील कित्येकींस लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्या चित्रण शिकल्या. पुढे कर्नाटकात ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमाची १६ खेड्यांत १३ महिने चाचणी झाली. तीत शेतकऱ्यांचेच चित्रण करून ते गावकऱ्यांच्या छोट्या बैठकीत, मध्ये थांबून चर्चा करीत, दाखविले जाई. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नेहमीच्या प्रशिक्षण-भेट पद्धतीच्या तुलनेत काही शेतीपद्धतींचा स्वीकार सात पटींनी वाढला. ही चाचणी बांधदुरुस्तीची नव्हती, हे ध्यानात ठेवावे. पण ओळखीच्या माणसाचे हात पडद्यावर दिसले की शंका कमी होतात, हे तत्त्व दोहोंस सारखेच लागू पडते.

चित्रण करताना

चित्रणासाठी नट नको. टोळीतील जाणती बाई किंवा गडी हवा, आणि बोली त्यांचीच हवी. सकाळच्या प्रहरी, सूर्य पाठीशी घेऊन, मोबाइल आडवा धरून चित्रण करावे. भर दुपारी मातीचे थर एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. वारा असेल तर शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून बोलणाऱ्याने मोबाइलच्या जवळ उभे राहावे. खिंडीत एक काठी रोवून तिच्यावर १५-१५ सेंटिमीटरवर चुन्याच्या रेघा ओढाव्यात. भर जसजशी वर चढते तसतशी एकेक रेघ झाकली जाते, आणि थराची जाडी शब्दावाचून समजते. मुठीतील गोळा अगदी जवळून दाखवावा. धुम्मस करतानाचा आवाज तर अवश्य घ्यावा: सैल थरावर तो बद्द येतो, थर बसत आला की टणक होतो. जुन्या मुकादमांस ही खूण ठाऊक असते. कागदावर मात्र ती उतरत नाही.

चुकीचे कामही दाखवावे. गतवर्षी घाईने भरलेली आणि पुन्हा फुटलेली एखादी खिंड गावात सापडतेच. तिची कड खोऱ्याने कापली की आतील सैल ढेकळे व पोकळ्या स्पष्ट दिसतात. हे दृश्य कोणाचेही नाव न घेता, शेताची ओळख न पटविता घ्यावे. टोळीस खाली पाहावयास लावणारी चित्रफीत पुन्हा कोणी पाहत नाही.

दाखविण्याची वेळ सकाळी काम सुरू होण्यापूर्वीची, जागा झाडाखालची, आणि समोर अवघी टोळी. घरातील मोबाइल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. केवळ चित्रफीत पाठवून दिली तर ती घमेले वाहणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचेलच असे नाही. प्रत्येक टप्प्यास चित्र थांबवून ‘आता पुढे काय करायचे?’ असे विचारावे, आणि लगेच प्रत्यक्ष खिंडीत पहिला थर सर्वांदेखत घालून घ्यावा. माती, ओल व जोर यांचा अंदाज हातासच येतो, डोळ्यांस नव्हे. भारी काळ्या जमिनीत केलेली चित्रफीत मुरमाड शेतातील टोळीस दाखविल्यास ओलीचा अंदाज चुकेल, म्हणून प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी निराळी चित्रफीत असणे बरे. चित्रफितीस गाव, जमिनीचा प्रकार व महिना यांचे नाव द्यावे, म्हणजे वर्षभराने शोधता येते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच खिंडीपाशी जाऊन भर किती बसली, सांडव्यातून पाणी कसे गेले आणि जुन्या-नव्या मातीच्या सांध्यावर ओलसर रेघ दिसते काय, याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करावे व ते मूळ चित्रफितीच्या शेवटी जोडावे. भर बसून माथा खाली गेला असल्यास तेही तसेच ठेवावे आणि पुढील वैशाखात टोळीस आधी तेवढाच भाग दाखवावा.