संगणकातली काळी जमीन आणि सातपुड्यातला मोह

होळीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागातून जाताना डोंगरउतारावर मोहाच्या झाडांखाली काळी वर्तुळे दिसतात. नवख्या माणसाला वाटते, येथून वणवा गेला असावा. बहुतेक वेळा ती एका हंगामाची पूर्वतयारी असते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्री आणि पहाटे गळतात. खाली वाळक्या पानांचा थर असला की ती मांसल, पिवळसर पांढरी फुले वेचणे अवघड जाते. म्हणून पाला गोळा करून पेटवतात. मग काळ्या जमिनीवर फूल लांबूनही दिसते. अशी आग कधी हाताबाहेर जाऊन रानात शिरते आणि राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेही खरे. तरीही ते वर्तुळ म्हणजे उजाड झालेली भूमी नव्हे. कुणाच्या तरी घरची मिळकत त्यावर वेचली जाणार असते.

संगणकावर असे दृश्य उभे करू पाहणाऱ्या कलावंताची पहिली चूक येथेच होते. त्रिमितीय दृश्यात जमीन म्हणजे मुळात एक कोरा पृष्ठभाग असतो आणि त्यावर चित्र पांघरले जाते. एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली; त्या चित्राला आज सर्वत्र टेक्स्चर म्हणतात. एवढ्या मोठ्या डोंगराला पुरेल असे एकच छायाचित्र कोठून आणणार? म्हणून दोन मीटर बाय दोन मीटरचा तुकडा फरशीसारखा पुन:पुन्हा जोडत जातात. त्याच्या कडा एकमेकींशी बेमालूम जुळल्या, तर ते टेक्स्चर बिनजोड. (मराठीत या शब्दाचा अर्थ 'अतुलनीय' असा रूढ झाला आहे, येथे तो शब्दश: घ्यावा.)

असा तुकडा करणे फारसे कठीण नाही. ढगाळ प्रकाशात, सावल्या नसताना, कॅमेरा जमिनीच्या बरोबर वर धरून छायाचित्र घ्यावे. फोटोशॉपमध्ये 'ऑफसेट' नावाची सोय आहे. तिने चित्र अर्ध्या रुंदीने व अर्ध्या उंचीने सरकवले की बाहेरच्या कडा मध्यभागी येऊन त्यांचा अधिक चिन्हासारखा जोड दिसतो. तो क्लोन स्टॅम्पने शेजारची राख व माती उचलून बुजवायचा. बाहेरच्या कडा आता आपोआप जुळतात, कारण त्या मूळ चित्राच्या मधल्या भागातल्या असतात.

खरी परीक्षा त्यानंतर आहे. तुकडा दहा बाय दहा असा मांडून डोळे किंचित मिटून पाहावे. त्यात पांढऱ्या राखेचा एखादा उठून दिसणारा ठिपका असेल, तर तो साडीवरच्या बुट्टीसारखा ठरावीक अंतराने डोकावतो आणि डोंगराचे कापड होते. म्हणून मूळ तुकड्यातून प्रत्येक ठळक खूण काढून टाकावी लागते. पण जळलेल्या जमिनीची सारी हकिकत त्या खुणांतच असते! पाला भरकन जळून गेला की काळा कोळसा उरतो. ओंडका सावकाश पूर्ण जळला की त्याच्याच आकाराची पांढरी राख राहते आणि खालची लोहयुक्त माती भाजून तांबूस होते. करपलेल्या झाडांची तपकिरी पाने नंतर काळ्यावर गळतात. काठीच्या राजवाडी होळीत उंच बांबू पहाटे पेटतो. तेथली राख भोवतीच्या नाचणाऱ्या पायांनी तुडवलेली असणार. मावळात, कोकणात राब भाजतात, तेथे काळा तुकडा वाफ्याच्या आकाराचा असतो. कडा पाहूनच आग कोणाची हे कळते, आणि बिनजोड टेक्स्चरला कडाच नसते.

तेव्हा कामाची वाटणी करावी. बिनजोड तुकड्याकडे फक्त निनावी भाग द्यावा: बारीक कोळसा, राख, माती. तेवढ्याचेही दोन-तीन प्रकार करून ते अनियमित ठिगळांनी मिसळावेत. या अनियमिततेसाठी केन पर्लिन यांचे 'नॉइज' गणित आजही वापरात आहे. 'ट्रॉन' या १९८२ च्या चित्रपटावर काम केल्यानंतर त्यांनी ते विकसित केले आणि १९९७ मध्ये त्याबद्दल ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार त्यांना मिळाला. वर्तुळाची कड, ओंडक्याची राख, पायवाट आणि फुले मात्र एकेक करून हाताने ठेवावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला दिसत नाही.

रंगाबाबत एक सूचना. काळी जमीन म्हणून शुद्ध काळा रंग भरला की तेथे भोक पडल्यासारखे दिसते. कोळसाही पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे चार टक्के परत पाठवतो. शून्य ते २५५ या नेहमीच्या मापात हा रंग साधारण ५५ च्या आसपास येतो. त्याहून गडद छटा सावलीने आणावी, रंगाने नव्हे. चकाकीचा नकाशाही वेगळा लागतो. राख पूर्ण निस्तेज असते, तर कोळशाच्या ताज्या तुटलेल्या बाजूला झाक असते. ती सगळीकडे सारखी ठेवली, तर जमीन डांबरी दिसू लागते.

मापाची चूक तर फारच सामान्य. दोन मीटरचा तुकडा ४०९६ पिक्सेलचा असेल, तर एक पिक्सेल म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर. तोच तुकडा पुनरावृत्ती टाळण्यासाठी सहा मीटरवर ताणला, की करंगळीएवढी काटकी मनगटाएवढी होते, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी झाड बुटके वाटू लागते.

शेवटी काळ. वाऱ्याने वरची राख थोड्या दिवसांत उडते, कोळसा मागे राहतो. फुले वेचण्याच्या वेळी वर्तुळ काळे, पण त्यावर रोजच्या येण्याजाण्याने मातीचा रंग उघडा पडलेला. जूनच्या पहिल्या सरींत उरलेली राख उताराने वाहते आणि काही दिवसांत तेथे गवताचे कोंब येतात. तोवर हे टेक्स्चर बदललेले असावे.