मेजावरील पोरसाची सेना



दिवाळींत मुलांनीं रचलेला मातीचा किल्ला आणि त्यावर मांडलेले चिमुकले मावळे आपण सर्वांनीं पाहिले आहेत. फराळ संपला कीं तो किल्लाहि मोडतो. परंतु असेंच चिमुकलें सैन्य प्रौढ माणसानें वर्षभर खपून जमविलें, ग्रंथ चाळून रंगविलें आणि ठरलेल्या नियमांनीं मेजावर लढविलें, तर त्या खेळास अभ्यासाचें रूप येतें. प्राचीन सेनांच्या या छंदाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या छंदाचें माहेर इंग्लंड. कादंबरीकार एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ हें पुस्तक लिहून खेळण्यांतील शिपायांच्या लढाईस नियम घालून दिले. त्यांचें सैन्य तोफांच्या युगांतलें होतें. ग्रीक, रोमन, हिंदी अशा प्राचीन सेनांसाठीं ‘वॉरगेम्स रीसर्च ग्रुप’ या मंडळीनें १९६९ सालीं नियम प्रसिद्ध केले. पुढें १९९० सालीं फिल बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं ते आटोपशीर केले. त्यांत प्रत्येक बाजूस अवघ्या १२ तुकड्या असतात आणि फाशावर पडेल त्या आंकड्याइतक्याच हालचाली करतां येतात.

पुतळ्या बहुधा १५ किंवा २८ मिलिमीटर उंचीच्या असतात. पूर्वीं त्या शिशाच्या असत. आतां कथिलाच्या मिश्रधातूच्या अथवा प्लास्टिकच्या मिळतात. कडेला राहिलेली कोर कानशीनें घासावी, पुतळी साबणाच्या पाण्यानें धुवावी आणि अस्तराचा एक हात द्यावा. मग अंग, वस्त्रें व शस्त्रें या क्रमानें रंग भरावे. ते वाळल्यावर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरविला म्हणजे तो घड्यांत उतरतो आणि छाया आपोआप पडते.

आतां एक उदाहरण घेऊं. इ. स. पूर्वीं ३२६ सालीं वितस्ता म्हणजे झेलम नदीच्या कांठीं शिकंदराशीं लढलेली पोरसाची सेना आपणांस उभी करावयाची आहे. पहिला प्रश्न संख्येचा. ग्रीक इतिहासकार आरियन सुमारें ३०,००० पायदळ, ४,००० घोडदळ, ३०० रथ आणि २०० हत्ती सांगतो. ५०० माणसांमागें एक पुतळी आणि ५० रथांमागें किंवा हत्तींमागें एक, असें प्रमाण धरलें, तर ६० पायदळी शिपाई, ८ स्वार, ६ रथ आणि ४ हत्ती लागतील. डायोडोरस मात्र ५०,००० वर पायदळ, हजारावर रथ आणि १३० हत्ती देतो. म्हणजे शिपाई १००, रथ २० आणि हत्ती पुरते तीनहि नाहींत! कुंचला हातीं घेण्यापूर्वींच कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवावा हें ठरवावें लागतें. वर्गांत मी यांतला एकच आंकडा फळ्यावर लिहीत असें. दुसराहि आहे हें मीं मुलांना कधीं सांगितलें नाहीं. मेजापाशीं ती पळवाट उरली नाहीं.

दुसरा प्रश्न रंगाचा. शिकंदराचा आरमारी अधिकारी निआर्कस याचें वर्णन आरियनानें उतरून ठेवलें आहे. हिंदी पायदळाचें धनुष्य माणसाइतकें उंच. तें जमिनीवर टेकवून, डाव्या पायानें दाबून ओढीत. वस्त्रें सुती व शुभ्र. दाढ्या रंगविलेल्या, कोणाची पांढरी, कोणाची निळी, तांबडी, जांभळी, तर कोणाची चक्क हिरवी! येथें माझा हात अडखळला. आपले पूर्वज असे दिसावेत हें मनास रुचेना, म्हणून मीं सर्व दाढ्या काळ्या केल्या. मागाहून लक्षांत आलें कीं, धनुष्याविषयीं ज्याची साक्ष मीं निमूटपणें मानली, त्याचीच दाढीविषयींची साक्ष केवळ नावडती म्हणून टाकली होती. शेवटीं कांहीं दाढ्या पुन्हां रंगविल्या.

या लढाईचा एकहि समकालीन हिंदी वृत्तांत उपलब्ध नाहीं. आरियनहि चारशेंहून अधिक वर्षांनंतर लिहितो. पराभूताच्या सेनेचे रंग असे जेत्याच्या बाजूच्या ग्रंथांतून घ्यावे लागतात. आपल्या बाजूचा आधार दगडांत शोधावा, तर सांचीच्या तोरणांवर वेढ्याचें दृश्य आहे, आणि लोणावळ्याजवळ भाजें येथील लेण्यांत चार घोड्यांचा रथ व हत्तीवरील स्वार कोरलेला आहे. परंतु हीं शिल्पें पोरसानंतर दोन-तीन शतकांनीं घडलेलीं. त्यांवरून रथ रंगविला, तर ‘हें अनुमान’ अशी टीप वहींत करून ठेवणें हाच प्रामाणिकपणा.

पुढें प्रत्यक्ष खेळ. कर्टिअस लिहितो कीं, पावसानें जमीन निसरडी होऊन जड रथ रुतले आणि तीं लांब धनुष्यें टेकावयास घट्ट जागा मिळेना. मेजावर चिखलाची पट्टी मांडून रथ पुढें ढकलून पाहावे. हत्ती पिसाळले म्हणून पोरस हरला, हें शाळेंत शिकलेलें कारण किती अपुरें आहे तें तेव्हां डोळ्यांस दिसतें.

युद्धाचा असा खेळ करावा काय, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु मेजावरून उचललेली एक पुतळी म्हणजे ५०० माणसें. तिच्यासाठीं ज्यानें चार संध्याकाळ डोळे ताणले, त्याच्या तोंडून ‘सैन्य कापून काढलें’ हे शब्द पूर्वींइतक्या सहज निघत नाहींत. माझा तरी अनुभव असाच आहे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.