दौंडच्या वाइनचा भरीवपणा
दौंड तालुक्यातील रोटी येथील ‘फोर सीझन्स’ वायनरीत शिराझसारख्या काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवला जातो, त्यामुळे लाल वाइनमध्ये रंगाबरोबर टॅनिन, म्हणजे हिरड्या आवळणारा तुरट अंश, उतरतो आणि ओकच्या पिंपात मुरताना वाइनला व्हॅनिलाचा गंध लाभतो. यातून तिला भरीवपणाही येतो; भरीवपणा म्हणजे तोंडात जाणवणारे वाइनचे वजन. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा युरोपीय सल्ला शिरूर-दौंडच्या उन्हाळ्यात सर्वस्वी गैरलागू आहे. बाटली 16 ते 18 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी, पेला एक-तृतीयांशच भरून फिरवावा, आधी वास घ्यावा आणि मगच घोट तोंडात सावकाश घोळवावा.