आजींचा अंगठा

सकाळी सात. पाथर्डीत स्कूटीत शंभराचं पेट्रोल टाकते. आमच्या संस्थेच्या हिशेबात हा खर्च 'इतर'मध्ये जातो आणि देणगीदारांची पहिली कात्री तिथेच लागते.

साडेसात. वस्तीवर निम्म्या घरांना कुलपं. टोळ्या कोयता घेऊन ऊसतोडीला गेल्या, की मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी नातवंडं. चूल पेटलीय का बघते, बीपीच्या गोळ्या मोजते, अंगावर वळ आहेत का तेही बघते. विचारून कुणी सांगत नाही.

नऊ. आजींना घेऊन बँकमित्राकडे. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार आलेत. जन्मभर कोयता-खुरपं धरून बोटांच्या रेघा झिजल्या, अंगठा उमटत नाही. आजी पदराला पुसतात, टेकवतात. यंत्र नाही म्हणतं. पुन्हा पुसतात. चौथ्या वेळी पावती आली. पाच महिने पुतण्या अंगठा लावून घ्यायचा आणि 'पैसे आलेच नाहीत' म्हणायचा. आज आजींनी नोटा तीनदा मोजल्या. "पोरी, लई दिसांनी हातात आल्या गं."

साडेअकरा. प्रांत कचेरी. 2007च्या कायद्याने आईवडिलांना पोरांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. त्यासाठी वकील लावावा लागत नाही. पंच्याहत्तरीपुढे एसटीही फुकट. पण अर्ज लिहायला, झेरॉक्स काढायला, प्रत्येक तारखेला शेजारी बसायला माणूस लागतं. त्या माणसाच्या पगाराला पैसा मिळता मिळत नाही.

दीड. एक बाबा दीड एकर पोराच्या नावे करायला निघालेत. कलम 23 समजावते: बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहा. पुढे पोराने पाळली नाही, तर ते रद्द करून घेता येतं. "पोटच्या पोराला अट घालू?" बाबा खूप वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "लिहा. पण सुनंसमोर वाचू नका."

चार. एका देणगीदारांचा फोन. दोनशे ब्लँकेटं द्यायचीत, फोटो हवेत. थंडी आहे, ब्लँकेटं घेईन. पण त्यांना म्हटलं, साहेब, दोन बायांचा तीन वर्षांचा पगार द्या, पेट्रोलसकट. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या यादीत वृद्धाश्रम नावानिशी आहे. वृद्धाश्रम लागतातच, पण माणूस घराबाहेर पडल्यावर. आम्ही त्याच्या आधी जातो. ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय दाखवू?" न झालेल्या मारहाणीचा फोटो कुठून आणू? बाबांच्या बक्षीसपत्रातली ती एक ओळ दाखवा, आजींचं पासबुक दाखवा, असं सांगितलं. विचार करतो म्हणाले.

सहा. परतताना आजींच्या दारामागे खडूने 14567 लिहिलं, हेल्पलाइनचा नंबर. आजींना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. मोठ्याने दोनदा वाचून घेतले. पुतण्या ओट्यावर बसून ऐकत होता.

"पुढच्या महिन्याला येशील नव्हं?"

माझा पगार मार्चपर्यंत मंजूर आहे. "येते," म्हटलं.